आंबेनळी घाटात डायनोसॉरांचा शेवट नेमका कुठे आहे?

पोलादपूर सोडून महाबळेश्वरकडे चढायला लागलं की रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मधूनच एखादा विटकरी लाल पट्टा दिसतो. कुठे वीतभर जाडीचा, कुठे चांगला पुरुषभर. घाटातल्या बहुतेकांचं लक्ष धबधब्यांकडे नाहीतर माकडांकडे असतं. या पट्ट्यासाठी गाडी थांबवणारे सहसा भूगर्भशास्त्राचेच लोक. पश्चिम घाटातल्या अशा पट्ट्यांमधली माती पिशव्यांत भरून काही संशोधकांनी अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात नेली. त्याच डोंगरांतला काळा दगड दुसऱ्या एका गटाने कॅलिफोर्नियात बर्कलीला नेला. ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेच्या २२ फेब्रुवारी २०१९च्या अंकात दोन्ही गटांचे लेख एकत्र छापून आले. प्रश्न एकच होता: सह्याद्रीचा हा लाव्हा कधी आणि किती वेगाने बाहेर आला, आणि डायनोसॉर संपले तेव्हा इथला कोणता थर साचत होता? उत्तरं मात्र जुळली नाहीत.

बातम्यांनी लगेच ‘लघुग्रह विरुद्ध ज्वालामुखी’ अशी कुस्ती लावून दिली. ती कुस्ती चालू द्या. साडेसहा कोटी वर्षांहून जुनी गोष्ट काही हजार वर्षांच्या हिशेबात मोजता कशी येते, आणि इतकं बारीक मोजूनही दोन उत्तम प्रयोगशाळांचं एकमत का होत नाही, हे मला जास्त रंजक वाटतं. आणि हे सगळं आपल्या एसटीच्या रस्त्यांवर घडतं आहे.

आधी डोंगर समजून घेऊ

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत आजच्या जागी नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखाली जो उष्ण ठिपका, म्हणजे खोलातून तप्त रस वर येण्याची जागा, आहे त्याच्या आसपास, आपला भूखंड उत्तरेकडे सरकत होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वर येऊन पसरत गेला. शाळेच्या पुस्तकातला शंकूसारखा, टोकाला आग ओकणारा डोंगर डोळ्यांसमोरून काढून टाका. इथे भेगा होत्या आणि भेगांतून आलेले पूर होते. त्या भेगांमध्येच गोठून राहिलेला लाव्हा कोकणात आणि तापी-नर्मदेच्या खोऱ्यात आजही उभ्या काळ्या भिंतींसारखा दिसतो. भूगर्भशास्त्रात त्याला डाइक म्हणतात.

एक पूर यायचा, थंड व्हायचा, मग कधी शेकडो तर कधी हजारो वर्षांनी दुसरा त्याच्यावर पसरायचा. आज या लाव्हाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली आहे. मुळात तो याहून बराच जास्त पसरला होता, पण कडेचा भाग झिजून गेला. पश्चिम घाटात त्याची जाडी सर्वांत जास्त आहे. आज जो सह्याद्री दिसतो तो या चवडीची पश्चिमेकडची तुटलेली, पावसाने कोरलेली कड आहे.

प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो. तोच काळा पाषाण, ज्यातून गडांचे बुरूज आणि हेमाडपंती देवळं उभी राहिली. वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या खडक म्हणतात आणि त्यात पाणी लागण्याची आशा धरतात. याच भोकांमध्ये पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून झिओलाइटचे पांढरे, हिरवे, गुलाबी स्फटिक वाढले. नाशिक, जळगाव, पुणे भागातले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. दिसायला सुंदर, पण वय मोजणाऱ्याच्या दृष्टीने ही डोकेदुखी. त्याचं कारण पुढे येईलच.

आणि लाल पट्टे? लाव्हा थंड झाल्यावर पुढचा पूर येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला की वरचा पृष्ठभाग ऊन-पावसाने सडून माती बने. त्यात राख मिसळे, धूळ मिसळे. मग वरून पुढचा तप्त लाव्हा येई आणि ती माती भाजली जाई. इंग्रजी नाव ‘रेड बोल’, आणि मराठीत बोलणारे भूजलवाले गेरूचा थरही म्हणतात. पाचगणीच्या पठारावर दिसणारा जांभा वेगळा. तो सगळा लाव्हा थांबल्यानंतर, सर्वांत वरच्या थराचं रूपांतर होऊन तयार झाला. लाल पट्टा हा दोन पुरांमधल्या विश्रांतीचा पुरावा आहे, आणि वरच्या थरांमध्ये असे पट्टे जास्त सापडतात.

जव्हार, इगतपुरी, नेरळ...

अडचण अशी की लांबून सगळा कातळ सारखाच काळा. माथेरानच्या कड्यातला एखादा थर आणि भीमाशंकरच्या कड्यातला थर एकाच पुराचे की नाही, हे नजरेने ठरवता येत नाही. १९८०च्या दशकात ही गाठ सुटली ती रसायनशास्त्रामुळे. ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स, ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातले क्रिस हॉक्सवर्थ, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर आणि आपल्या आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव अशा प्राध्यापकांच्या गटांनी घाटामागून घाट पालथे घातले, पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगड गोळा केले आणि त्यांतली टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम वगैरेंची प्रमाणं मोजली. लाव्हा वर येताना कवचातला जुना खडक किती वितळवून घेतो यावर ही प्रमाणं बदलतात. बुशे नावाच्या थरांमध्ये ही भेसळ भरपूर, आंबेनळी नावाच्या थरांमध्ये ती सर्वांत कमी. म्हणजे प्रत्येक गटाला स्वतःची रासायनिक ओळख आहे.

त्यातून खालून वर अशी यादी तयार झाली: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. शैलसमूहांची ही नावं जगातल्या कुठल्याही विद्यापीठात डेक्कनवर, म्हणजे दख्खनच्या या लाव्हावर, काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पाठ असतात. पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातलं गाव आहे हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, कुणास ठाऊक!

हे थर दक्षिणेकडे अगदी किंचित कललेले आहेत. त्यामुळे इगतपुरीहून कोल्हापूरच्या दिशेने जाल तसे जुने थर जमिनीखाली जातात आणि नवे समोर येतात. म्हणून संपूर्ण चवड एका जागी उभी मिळत नाही. कसारा, माळशेज, खंडाळा, आंबेनळी अशा घाटांचे तुकडे जोडून ती बनवावी लागते. आंबेनळीचं महत्त्व असं की पोलादपूरपासून सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरपर्यंत बुशे, पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर हे चारही शैलसमूह एका रस्त्यावर ओळीने भेटतात. सगळा वाद नेमका याच चौघांचा आहे.

वाद सुरू झाला कुठून

१९८० साली बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्वारेझ, त्यांचा भूगर्भशास्त्रज्ञ मुलगा वॉल्टर, आणि फ्रँक असारो व हेलन मिशेल हे दोन रसायनशास्त्रज्ञ यांनी दाखवलं की इटलीत, डेन्मार्कमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये क्रिटेशियस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, शेवटाला मातीचा जो पातळ थर आहे, त्यात इरिडियम नावाच्या धातूचं प्रमाण भलतंच जास्त आहे. पृथ्वीच्या कवचात इरिडियम नगण्य, उल्कांमध्ये पुष्कळ. त्यांचा निष्कर्ष असा की सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला आणि त्याच्या धुळीने जीवसृष्टीचा मोठा भाग मारला. १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर, चिक्शुलूब गावाच्या आसपास जमिनीखाली गाडलेलं, सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर त्या आघाताशी जोडलं गेलं. तेव्हापासून लघुग्रहाची बाजू भक्कम आहे.

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक डेवी मॅक्लीन म्हणत होते की दख्खनच्या ज्वालामुखीकडे बघा, एवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेल्यावर काय होईल? त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. एक कारण म्हणजे दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षं सावकाश येत राहिला असं तेव्हा मानलं जाई. जुन्या पद्धतीने मोजलेली वयं ८ कोटींपासून ३ कोटींपर्यंत विखुरलेली होती. एवढ्या संथ ज्वालामुखीने अचानक विनाश कसा होणार?

हे चित्र १९८६ मध्ये पॅरिसच्या व्हॅन्सां कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी पालटलं. त्यांनी घड्याळाऐवजी होकायंत्र वापरलं म्हणा ना. लाव्हा थंड होताना त्यातली लोहखनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. हे क्षेत्र अधूनमधून उलटतं: उत्तरेचं दक्षिण, दक्षिणेचं उत्तर. सह्याद्रीची चवड कोट्यवधी वर्षांत बनली असती तर तिच्यात अशा कितीतरी उलथापालथी सापडल्या असत्या. सापडल्या मोजून दोन. बहुतेक सगळा जाड भाग एकाच उलट कालखंडातला निघाला. तो कालखंड सहा-सात लाख वर्षांचा होता आणि डायनोसॉरांचा अंतही त्यातच येतो. म्हणजे लाव्हा झपाट्याने आला, आणि वेळ तर जवळपास जुळतेच आहे.

‘जवळपास’ या शब्दावर पुढची तीस वर्षं खर्च झाली. लाव्हा आघाताच्या आधी आला असेल तर तो आरोपी. नंतर आला असेल तर निर्दोष. आणि आघातानंतर लगेच जोर वाढला असेल तर कदाचित आघातानेच त्याला ढोसलं. हा फरक ओळखायला काही दहा हजार वर्षांची अचूकता हवी. साडेसहा कोटींच्या तुलनेत ती हजारात एक भागाहूनही कमी भरते.

पहिलं घड्याळ: दगडात अडकलेला वायू

बर्कलीचा गट आर्गॉनवाला. पॉल रेनी हे तिथले जुने जाणते प्राध्यापक, आणि २०१९च्या लेखाच्या पहिल्या लेखिका कोर्टनी स्प्रेन या त्यांच्याच विद्यार्थिनी. आयआयटी मुंबईचे कांचन पांडे या कामात सहलेखक आहेत.

पोटॅशियमचे काही अणू किरणोत्सारी असतात. दर १२५ कोटी वर्षांनी त्यांतले निम्मे संपतात. संपणाऱ्या दर शंभरांतले सुमारे अकरा आर्गॉन वायू बनतात, बाकीचे कॅल्शियम. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा आर्गॉन उडून जातो. तो गोठला की नव्याने तयार होणारा आर्गॉन स्फटिकात कोंडला जातो. पोटॅशियम किती आणि आर्गॉन किती हे मोजलं की वय निघतं. जुन्या पद्धतीत दोन्ही वेगवेगळ्या तुकड्यांवर मोजत. आता दगडातले स्फटिक आधी अणुभट्टीत ठेवतात, तिथे न्यूट्रॉनच्या माऱ्याने काही पोटॅशियमचंही वेगळ्या प्रकारचं आर्गॉन होतं, आणि मग लेझरने टप्प्याटप्प्याने तापवून दोन्ही आर्गॉन एकाच यंत्रात मोजतात.

टप्प्याटप्प्याने तापवण्यात खुबी आहे. माठातून पाणी झिरपावं तसा स्फटिकाच्या कडेकडून आर्गॉन कोट्यवधी वर्षांत निसटतो. सुरुवातीच्या टप्प्यांत ही गळकी कड उघडी पडते आणि कमी वय सांगते. पुढच्या टप्प्यांत आतला शाबूत भाग बोलायला लागतो आणि लागोपाठ तेच वय सांगू लागतो. तिथे विश्वास ठेवायचा.

सह्याद्रीच्या दगडात दोन भानगडी आहेत. एक, त्यातल्या प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार गटातल्या खनिजामध्ये पोटॅशियम अगदी जेमतेम, म्हणजे मोजायला आर्गॉनही जेमतेम. दुसरी भानगड झिओलाइटची. ज्या पाण्याने ते देखणे स्फटिक वाढवले त्याच पाण्याने मूळ फेल्डस्पारही कुठे कुठे बदलून टाकला आहे. त्यामुळे संशोधकाला शेकडो कणांतून सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ कण चिमट्याने निवडत बसावं लागतं. जुनी वयं एवढी विखुरलेली होती त्याचं मोठं कारण हेच: न निवडलेला, झिजलेला दगड.

या घड्याळाची मोठी बाजू अशी की ते थेट लाव्हाचं वय सांगतं. मध्ये दुसरं काही येत नाही.

दुसरं घड्याळ: लाल मातीतले झिरकॉन

प्रिन्स्टनचे ब्लेअर शोएन आणि त्यांचे सहकारी युरेनियमवाले. त्यांच्या गटात पुराजीवशास्त्रज्ञ गर्टा केलर आहेत. दख्खन हाच मुख्य आरोपी असल्याची बाजू त्या कित्येक वर्षं विरोध पत्करून मांडत आल्या आहेत. आणि अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाचे सय्यद खाद्री आहेत, ज्यांच्याविना या घाटांत नेमकं कुठे थांबायचं हे कळणं अवघड होतं असं मला वाटतं. परदेशी बातम्यांत अशी नावं फारशी येत नाहीत.

झिरकॉन हा वाळूच्या कणाहून लहान, कणखर स्फटिक. तयार होताना तो युरेनियम आत घेतो पण शिशाला दारातच थांबवतो. युरेनियम सावकाश क्षय पावून शिसं बनतं, तेव्हा आज झिरकॉनमध्ये जे शिसं आहे ते जवळपास सगळं नंतर तयार झालेलं. शिवाय युरेनियमचे दोन प्रकार दोन वेगवेगळ्या वेगांनी क्षय पावतात. एकाचा अर्धायुकाळ (निम्मे अणू संपायला लागणारा काळ) ४४७ कोटी वर्षं, दुसऱ्याचा ७० कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं, एकमेकांची तपासणी करणारी.

पण सह्याद्रीच्या काळ्या दगडात झिरकॉन होतच नाही. त्यात सिलिका कमी पडते. शोएन यांच्या गटाची कल्पकता इथे दिसते. त्यांनी कातळ सोडून लाल पट्टे धरले. दोन पुरांच्या मधल्या काळात जास्त सिलिकावाल्या लाव्हाच्या स्फोटांची राख उडून या मातीवर पडली असणार, आणि राखेत झिरकॉन असणार. सगळ्याच पट्ट्यांत मिळाले नाहीत, पण बऱ्याच पट्ट्यांत मिळाले. माती धुवायची, जड कण वेगळे काढायचे, त्यांतून मूठभरसुद्धा नाही एवढे झिरकॉन निवडायचे, भट्टीत तापवायचे, हायड्रोफ्लोरिक आम्लात त्यांचा खराब भाग विरघळवून टाकायचा, आणि उरलेला एकेक कण पूर्ण विरघळवून त्यातलं शिसं मोजायचं.

हे शिसं इतकं कमी असतं की खोलीतल्या धुळीतलं शिसंसुद्धा हिशेब बिघडवतं. याचा एक जुना किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कॅलटेकचे क्लेअर पॅटरसन उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढत होते. त्यांना दर वेळी शिसं जास्तच मिळे. शेवटी लक्षात आलं की शिसं हवेतून, कपड्यांवरून, भांड्यांवरून येतं आहे. त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली, १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं, आणि मग एवढं शिसं हवेत येतं कुठून याच्या मागे लागले. उत्तर होतं पेट्रोल. १९६५ पासून त्यांनी त्याविरुद्ध लिहिलं आणि त्यासाठी उद्योगांचा रोष पत्करला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. पृथ्वीचं वय मोजायला निघालेल्या माणसाने अखेर आपल्या रस्त्यावरची हवा मोजली, असं भूविज्ञानात पुष्कळदा होतं.

झिरकॉनच्या घड्याळाचीही खोट आहे. झिरकॉन भूगर्भातल्या तप्त रसातच तयार होतो. स्फोट होऊन राख उडण्याआधी तो तिथे काही हजार किंवा काही लाख वर्षं पडून असू शकतो. एकाच पट्ट्यातले कण वेगवेगळी वयं दाखवतात. त्यांतल्या सर्वांत तरुण कणांवर भिस्त ठेवून पट्ट्याचं वय ठरवावं लागतं. तिथे संख्याशास्त्र येतं आणि संख्याशास्त्र आलं की वाद येतात. टीकाकारांचं म्हणणं असं की लाल माती ही माती आहे. तिच्यात वाऱ्या-पावसाने जुने कणही येऊन पडले असतील.

हरवलेली रेघ

आता खरी गोम. दोन्ही घड्याळं लाव्हाचं वय देतात. पण आघाताच्या क्षणाची रेघ या थरांत कुठे येते ते कसं कळणार? इटलीतल्या इरिडियमच्या थरासारखी खूण सह्याद्रीच्या चवडीत अजून कुणाला मिळालेली नाही. कच्छमधल्या अंजारजवळ, लाव्हाच्या थरांमधल्या गाळात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या नरेंद्र भंडारी यांच्या गटाला १९९०च्या दशकात जास्त इरिडियम सापडलं, पण एका थरात नाही, तीन थरांत. ती आघाताचीच खूण आहे का, यावर एकमत झालं नाही. पूर्वेला राजमहेंद्रीजवळ मात्र एक वेगळा धागा मिळाला. महाबळेश्वरच्या बाजूने निघालेला लाव्हा तेव्हाच्या नदीखोऱ्यांतून हजार किलोमीटर वाहत तिथल्या समुद्रापर्यंत पोचला होता. त्याची रासायनिक ओळख जुळते. त्याच्या दोन थरांमध्ये समुद्री गाळ आहे आणि गाळात आघातानंतरच्या काळातले सूक्ष्मजीव आहेत. केलर यांच्या गटाने २००८ मध्ये त्यावरून सांगितलं की तिथला खालचा लाव्हा विनाशाच्या सुमारास संपला. धागा उपयोगाचा आहे, पण आंबेनळी घाटात बोट ठेवून दाखवता येईल अशी खूण त्यातून मिळत नाही.

म्हणून आघाताचं वय दुसरीकडे काढावं लागतं आणि मग घाटातल्या वयांशी ताडून पाहावं लागतं. बर्कलीच्या गटाने ते मोंटानामधल्या इरिडियम थराला चिकटून असलेल्या राखेवर आर्गॉनने काढलं: ६ कोटी ६० लाख ५२ हजार वर्षं. प्रिन्स्टनच्या गटाने कोलोरॅडोतल्या डेन्व्हर खोऱ्यातल्या झिरकॉनवरचा आकडा घेतला: ६ कोटी ६० लाख १६ हजार. घटना एकच, फरक ३६ हजार वर्षांचा. झिरकॉनच्या आकड्यापुढे ‘± ५० हजार’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांना खोटं ठरवत नाहीत. पण घाटात मात्र ३६ हजार वर्षं म्हणजे लाव्हाचा केवढा तरी मोठा थर! काळाच्या पट्टीवर नगण्य वाटणारा फरक डोंगरावर आपली रेघ एका शैलसमूहातून दुसऱ्यात नेऊन ठेवतो.

आता २०१९चे निकाल वाचा. स्प्रेन आणि सहकारी म्हणतात: रेघ बुशे आणि पोलादपूर यांच्या सांध्याजवळ. ९० टक्क्यांहून जास्त लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत आला आणि त्यातला सुमारे ७५ टक्के आघातानंतर. शोएन आणि सहकारी म्हणतात: लाव्हा सलग आला नाही, चार जोरदार उमाळे आले. प्रत्येक एक लाख वर्षांहून कमी काळाचा, आणि त्यांतला एक आघाताच्या काही दहा हजार वर्षं आधीच सुरू झाला होता. म्हणजे रेघ आणखी वर, आणि ज्वालामुखीवरचा संशय कायम.

बर्कलीच्या गटाने २०१५ मध्येच आणखी एक धीट कल्पना मांडली होती. बुशेनंतर लाव्हाचं रसायन एकसारखं होतं, प्रवाह मोठे होतात, मधली विश्रांती वाढते. मेक्सिकोतल्या धक्क्याने पृथ्वीभर गेलेल्या भूकंपलहरींनी दख्खनखालची तप्त रसाची कोठारं हलवली असतील का? कल्पना भन्नाट आहे यात शंका नाही. पण ती रेघ नेमकी त्या सांध्यावर असण्यावर टांगलेली आहे, आणि रेघेचंच तर भांडण आहे.

२०२१ मध्ये शोएन यांनी दोन्ही गटांची आकडेवारी एकाच संख्याशास्त्रीय चाळणीतून काढली. लाव्हाची वयं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात, आर्गॉनच्या वयांतली अनिश्चितता जास्त असल्यामुळे उमाळे स्पष्ट दिसत नाहीत, आणि मोठा फरक उरतो तो आघाताच्या वयाचा. दोघांचे डोंगर सारखेच आहेत, त्यावर रेघ कुठे मारायची एवढंच वेगळं. मला हा निकाल मथळ्यांतल्या कुस्तीपेक्षा जास्त पटतो.

लाव्हा कुणाला मारत नाही

वाहता लाव्हा जिथे पोचतो तिथलंच जाळतो. जगभर मारतो तो वायू. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी इथल्या भेगांतून आठ महिन्यांत सुमारे १५ घनकिलोमीटर लाव्हा आला. त्यातल्या गंधकाच्या वायूंनी गवत आणि गुरं गेली आणि दुष्काळात देशातली सुमारे एक पंचमांश माणसं दगावली. सह्याद्रीतला एकेक मोठा प्रवाह शेकडो, काही तर हजार घनकिलोमीटरच्या घरातले. मात्र तेवढा लाव्हा आठ महिन्यांत आला की काही दशकांत, यावर परिणाम पूर्ण बदलतो. गंधकाचे वायू काही वर्षांत पावसाबरोबर खाली येतात. कार्बन डायऑक्साइड हजारो वर्षं राहतो.

समुद्राच्या गाळातल्या नोंदी सांगतात की आघाताच्या सुमारे तीन लाख वर्षं आधी पृथ्वी काही अंशांनी तापली आणि आघाताच्या आधीच पुन्हा निवली. हे तापणं दख्खनचं असेल तर येल विद्यापीठाच्या पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांचा २०२०चा युक्तिवाद वजनदार ठरतो: बराचसा वायू आघाताच्या बराच आधी निघून गेला, जीवसृष्टीने तो पचवला, आणि विनाश लघुग्रहाचाच. पण ७५ टक्के लाव्हा नंतर आला तर वायू आधी कसा निघाला? स्प्रेन यांनी सुचवलेलं उत्तर असं की वायूला बाहेर पडायला लाव्हा बाहेर येण्याची गरज नाही. कवचात अडकलेल्या तप्त रसातून तो आधीच जमिनीतून झिरपत राहू शकतो. मग घाटातला लाव्हा कितीही बारकाईने मोजला तरी वायूचा हिशेब त्यातून पूर्ण निघत नाही. म्हणूनच अलीकडे काही प्रयोगशाळा स्फटिकांत अडकून गोठलेले मूळ रसाचे सूक्ष्म थेंब शोधतात आणि त्यांत उरलेला कार्बन व गंधक मोजतात.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं आहे ते डायनोसॉर? त्यांचा मागमूस लाव्हाखालच्या लमेटा नावाच्या गाळाच्या थरांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला आयसिसॉरस या लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. जवळच्या पिसदुऱ्याची तर विष्ठा जगप्रसिद्ध आहे: २००५ मध्ये लखनौच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण दाखवले आणि गवत डायनोसॉरांच्या काळात नव्हतंच ही समजूत मोडीत काढली. वऱ्हाड-चंद्रपूरच्या लोकांनी आपल्या गावाच्या या कीर्तीचा थोडा टेंभा मिरवायला हरकत नाही.

शेवटी एक गोष्ट ‘७५ टक्के’ या आकड्याबद्दल. टक्केवारी काढायला एकूण लाव्हा किती होता ते माहीत हवं. कडेचा झिजून गेलेला भाग अंदाजाने भरावा लागतो. पश्चिमेकडचा मोठा भाग मुंबईच्या किनाऱ्यापलीकडे अरबी समुद्राखाली बुडालेला आहे. लाव्हा यायचा थांबला त्याच सुमाराला सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटून दूर गेला आणि आपल्याबरोबर थोडा लाव्हाही घेऊन गेला. दोन्ही गट ज्या घाटांत दगड वेचतात ती या सगळ्यातली फक्त पाण्याबाहेर राहिलेली, रस्त्यांनी कापलेली बाजू आहे. समुद्राखालचे थर बुशेच्या वयाचे आहेत की महाबळेश्वरच्या, हे तिथे खोल भोक पाडून झिरकॉन किंवा फेल्डस्पार हाती येईपर्यंत गृहीतच धरावं लागेल.